बीएस-६ डिझेल गाडी आणि कोकणची हवा: धुराच्या यंत्रणेतले बिघाड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गॅरेज चिपळूणजवळ, मुंबई-गोवा हायवेला लागून आहे. आंब्याचे टेम्पो, मासळीच्या गाड्या, चिऱ्याचे डंपर, लोट्याच्या एमआयडीसीतले टँकर, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या, सगळं दारावरून जातं. त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: पिवळा दिवा लागलाय, गाडी ओढत नाही, आणि कुणीतरी महागडा पार्ट बदलायला सांगितलाय. पार्ट बदलून पैसे गेलेले आणि दिवा तसाच, अशी गाडी आली की मला फार वाईट वाटतं. कारण काढून टाकलेला पार्ट बहुतेक वेळा चांगला असतो. रोज तोंडी सांगतो ती उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

धुराची यंत्रणा म्हणजे गाडीत नेमकं काय काय असतं?

इंजिनापासून मागे मागे चालत जा. पहिला भेटतो ईजीआर. तो थोडा जळलेला धूर थंड करून परत इंजिनात सोडतो, म्हणजे जळण्याचं तापमान उतरतं आणि नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, कमी तयार होतात. टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, त्याच्यानंतर डीओसी असतो. दिसायला मधमाशीच्या पोळ्यासारखा, त्यावर मौल्यवान धातूंचा लेप. न जळलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड तिथे जळतं. मग डीपीएफ, काजळी अडवणारी गाळणी. त्यानंतर बऱ्याच गाड्यांत एससीआर. त्याच्या आधी युरियाचं द्रावण फवारलं जातं, धुराच्या उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया नॉक्सला साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात बदलतो.

या सगळ्यावर तापमानाचे, दाबाचे आणि नॉक्सचे सेन्सर नजर ठेवतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे धुरावरचा आधीपेक्षा कडक नियम, लागू झाला. डिझेल कारसाठी नॉक्सची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आणि धूलिकणांची २५ वरून ४.५ वर. एवढ्या बारीक मर्यादेत राहायचं तर इतकं सामान लागणारच. काही छोट्या डिझेल गाड्यांत एससीआरऐवजी नॉक्स धरून ठेवणारा ट्रॅप असतो. त्यांना युरिया लागत नाही, तेव्हा आपल्या गाडीत काय आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

दिवा लागला. पहिलं काम कोणतं?

कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, उडवू नका. स्कॅनर लावून इरेज मारला की दिवा जातो खरा, पण त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. कोड पडला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं होतं, ही नोंद त्यात असते. घाट चढताना पडलेला कोड आणि सिग्नलला उभं असताना पडलेला कोड, नंबर एक असला तरी कारणं वेगळी निघतात. सगळे कोड कागदावर लिहा, जुने आणि अर्धवट नोंदलेलेसुद्धा.

नंतर गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर आकडे वाचा. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण खर्च शून्य. थंड गाडीत धुराच्या पाइपवरचे सगळे तापमान सेन्सर बाहेरच्या हवेइतकं तापमान दाखवायला हवेत. बाहेर २६ अंश आहेत, तीन सेन्सर २५-२७ म्हणतायत आणि चौथा ८० म्हणतोय, तर तिथेच थांबा. डीपीएफच्या दाबाचा सेन्सर इंजिन बंद असताना शून्यच दाखवायला हवा. या पाच मिनिटांत माझ्याकडच्या बऱ्याच गाड्यांचं निदान निम्म्यावर येतं.

स्कॅनरने डीपीएफचा कोड दाखवला, म्हणजे डीपीएफच गेला ना?

नाही. कोड तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. पी-२४६३ म्हणजे काजळी फार साठली आहे असं गाडीला वाटतंय. पी-२४४बी म्हणजे डीपीएफच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक जास्त आहे, पी-२४४ए म्हणजे तो फारच कमी आहे. पी-२००२ म्हणजे गाळणी नीट गाळत नाही असा संशय. यातला प्रत्येक कोड गाळणी उत्तम असतानाही पडू शकतो.

एक गाडी सविस्तर सांगतो. बंदरावरून मासळी नेणारा पिकअप. दाबाचा कोड सारखा येत होता. दुसरीकडे दोनदा डीपीएफ काढून साफ झाला होता आणि आता नवीन टाका असं सांगितलं होतं. मालकाने डोक्याला हात लावलेला. मी सकाळी चावी ऑन केली. इंजिन बंद, तरी दाबाचा फरक ४ किलोपास्कल! सेन्सरचे दोन्ही होजपाइप काढून मोकळ्या हवेत धरले, तरी ४. म्हणजे डीपीएफचा यात काहीच संबंध उरला नाही. सेन्सर किंवा त्याची वायर, दोनच शक्यता.

कपलर, म्हणजे सेन्सरच्या वायरींचा जोड, शोधला तर तो माल ठेवायच्या हौद्याखाली, जिथे मासळीच्या खोक्यांतलं बर्फाचं खारं पाणी ठिबकत होतं तिथे. उघडला. तीनपैकी एका पिनेवर हिरवट पांढरी पूड बसलेली, नखाने खरवडली तर खालचं तांबं दिसेना. ती अर्थची पिन होती. चावी ऑन ठेवून त्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर लावला. तिथे व्होल्टेज जवळजवळ शून्य यायला हवं, ०.१ च्या वर गेलं तर मी संशय घेतो. इथे त्याहून कितीतरी जास्त आलं. अर्थ खराब झाला की सेन्सरचा सगळा सिग्नल वर उचलला जातो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं दाब वाढलाय. पिना बदलल्या, कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, कपलर वर उचलून बांधला. आकडा शून्यावर आला.

गोष्ट इथे संपली नाही. खोट्या दाबामुळे गाडी महिनाभर पुन्हा पुन्हा रीजन करत होती, म्हणजे गाळणी तापवून आतली काजळी जाळत होती. रीजनसाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात, त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं आणि हुंगलं तर डिझेलचा वास. ते ऑइल बदललं नसतं तर पुढे टर्बो आणि बेअरिंग गेले असते. एका पिनेवरच्या गंजापासून इंजिनापर्यंत वाट जाते ती अशी, म्हणून मी वायरिंग तपासल्याशिवाय पान्याला हात लावत नाही.

डीपीएफ खरंच भरलाय हे मग कसं ठरवायचं?

शून्य तपासून झालं की इंजिन गरम करा. आयडलवर स्वच्छ गाळणीचा दाबातला फरक बऱ्याच कार आणि पिकअपमध्ये १ किलोपास्कलच्या आतबाहेर असतो, आरपीएम वाढवला की तो सरळ चढत जातो. नेमके आकडे गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. आरपीएम वाढवूनही आकडा हलत नसेल तर होजपाइप बघा: फाटलेला, वितळलेला, चिखलाने बुजलेला, किंवा कुणीतरी उलटसुलट लावलेला. पावसाळ्यात पाइपाच्या खोलगट भागात पाणी साठतं आणि आकडा उड्या मारतो. असा पाइप काढून फुंकर मारली की कधी कधी अर्धा चमचा काळं पाणी बाहेर येतं.

गाळणी फुटली आहे का याची साधी परीक्षा आहे. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकाच्या आत पांढरं सुती फडकं बोटाने फिरवा. बीएस-६ गाडीत फडकं जवळजवळ स्वच्छ निघतं. बोटाला कोरडी काळी काजळी लागली तर डीपीएफला तडा गेलाय, किंवा कुणीतरी आतून तो पोकळ केलाय.

माझी गाडी गावातच फिरते. डीपीएफ तीन-तीन महिन्यांनी का भरतो?

वाडीतून बाजारात, बाजारातून शाळेत, शाळेतून घरी. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत धूर तापतच नाही. साठलेली काजळी जाळायला गाळणीत साधारण ५५० ते ६५० अंश तापमान लागतं, आणि रीजन सुरू झालं की ते पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालावी लागते. तुम्ही मधेच घरी पोचता आणि चावी बंद करता. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागतो.

रीजन चालू आहे हे ओळखायला शिका. आयडल थोडा वाढलेला असतो, रेडिएटरचा पंखा मोठ्याने फिरतो, अ‍ॅव्हरेज पडतं, गरम वास येतो. अशा वेळी दहा मिनिटं पुढे जाऊन या. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास, एक गिअर खाली ठेवून, २००० च्या वर आरपीएमने चालवली तर बऱ्याच गाड्यांचा त्रास थांबतो. घाट चढताना धूर चांगला तापतो, उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो तेव्हा थंड होतो, त्यामुळे नुसत्या उतारावर रीजन होईल अशी आशा धरू नका.

आणि एक कळकळीची विनंती. मार्च ते मे या काळात रीजन चालू असलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा आंब्याच्या बागेत पातेऱ्यावर उभी करू नका. पाइप इतका तापलेला असतो की आग लागते.

पण मी तर रोज लांब जातो, तरी भरतोच. मग?

मग जास्त काजळी कुठून येते ते शोधा. गाळणी फक्त ती अडवते, तयार करत नाही. सगळ्यात आधी टर्बोपासून इंटरकूलर आणि पुढे इंजिनापर्यंतचे हवेचे पाइप बघा. क्लॅम्पजवळ तेलकट काळी रेघ दिसली तर दाबाची हवा तिथून निसटते. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग काजळी भरमसाट. याच्याबरोबर बहुधा टर्बोचा दाब कमी असल्याचा पी-०२९९ कोडही सापडतो. चिरेखाणीच्या डंपरमध्ये एअर फिल्टर बघा, लाल धुळीने तो ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी चोंदतो. त्यानंतर गळणारा इंजेक्टर आणि अडकलेला ईजीआर.

काजळी आणि राख एकच ना?

नाही, आणि हा फरक कळला नाही तर पैसे वाया जातात. काजळी जळते. राख म्हणजे इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक अशा घटकांची उरलेली भुकटी, ती कितीही रीजन केलं तरी जळत नाही. रीजन नीट पूर्ण झालं, तापमान बरोबर चढलं, तरी दाब उतरत नसेल तर राख भरली आहे असं समजा. मग डीपीएफ काढून मशीनवर साफ करावा लागतो. सायलेन्सर धुतात तसा प्रेशर वॉशरने धुऊ नका, आतला लेप आणि भोवतीची गादी दोन्ही खराब होतात.

राख लवकर भरू नये म्हणून कमी राखेचं ऑइलच घाला. ट्रक आणि पिकअपला सीके-४ किंवा कंपनीने सांगितलेला दर्जा, कारला बहुधा सी-३ किंवा त्याच्यासारखा. सुट्टं स्वस्त ऑइल घालून वाचवलेले पैसे डीपीएफ दामदुपटीने परत घेतो.

स्कॅनरने जबरदस्तीचं रीजन मारलं तर काम होईल?

कधी होतं, कधी गाळणीच फुटते. काजळी ठराविक मर्यादेपलीकडे असेल तर ती एकदम पेटते आणि आतलं सिरॅमिक तडकतं, म्हणून ईसीयू स्वतःच नकार देतो. तो नकार देत असेल तर वाट काढू नका. चालू झालंच तर डीओसीच्या आधीचं आणि नंतरचं तापमान शेजारी शेजारी ठेवून बघत बसा. जादा डिझेल सोडलं जातंय, आधी ३०० अंश आहेत आणि नंतरही तेवढेच, वर मागून पांढरा धूर येतोय, तर डीओसी काम करत नाही. त्याचं तोंड काजळीने लिंपलेलं असतं किंवा लेप संपलेला असतो. अशा गाडीत नवीन डीपीएफ टाकूनही तो पुन्हा भरणारच.

युरिया भरला तरी दिवा जात नाही, आणि गाडी वेग पकडत नाही. असं का?

युरिया संपणं हे एकच कारण असतं तर माझं निम्मं काम कमी झालं असतं. गाडी तीन गोष्टी वेगवेगळ्या बघते: टाकीत किती आहे, कसला आहे, आणि फवारल्यावर नॉक्स खरंच कमी झाला का. तिन्हींचे कोड वेगळे. पी-२०३एफ पातळीचा, पी-२०७एफ दर्जाचा, पी-२०ईई नॉक्स पुरेसा कमी होत नाही याचा, पी-२०ई८ पंपाचा दाब कमी असल्याचा. दिव्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी टप्प्याटप्प्याने ताकद कमी करते, काही छोट्या गाड्या टाकी रिकामी झाल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत.

दर्जाचा कोड असेल तर टाकीतला थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रावण किती तीव्र आहे ते दाखवणाऱ्या उपकरणावर, ठेवा. द्रावणात युरिया ३२.५ टक्के हवा, ३१.८ ते ३३.२ पर्यंत चालतो. आपल्याकडे गोठायची भीती नाही, तो उणे ११ अंशांना गोठतो. आपला शत्रू ऊन. २५ अंशांत दीड वर्ष टिकणारा युरिया ३५ अंशांत सहा महिन्यांत उतरतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला कॅन घेण्याआधी त्यावरची तारीख वाचा, झाकण उघडून नाकाला अमोनियाचा झटका बसला तर नको म्हणा. ओतायला पितळेची किंवा तांब्याची भांडी वापरू नका, धातू विरघळून द्रावणात उतरतो आणि एससीआरमधला उत्प्रेरक (नॉक्सचं रूपांतर घडवणारा लेप) खराब करतो. स्वच्छ प्लास्टिकचं नरसाळं, आणि ते फक्त युरियासाठी.

खपही लिहून ठेवा. मोठ्या गाड्यांत १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर युरिया जातो. अचानक फार कमी जायला लागला तर फवारणी बंद पडली आहे. नोझल काढून बघा. पांढरे खडे दिसले तर कोमट पाण्यात भिजवा, बहुतेक विरघळतात. विरघळत नाहीत असे टणक, पिवळसर थर पाइपात असतील तर पाइप बराच काळ थंडच राहिला आहे. एससीआर साधारण २०० अंशांच्या वर काम करतो, त्याच्या खाली फवारलेल्या युरियाचे थर जमतात. मग मॅन्युअलप्रमाणे डोझिंग टेस्ट घ्या: नोझल मोजपात्रात धरायची, ठराविक वेळ फवारायचं, मिलिलिटर मोजायचे.

ट्रकवाल्यांना आणखी एक सांगणं. चावी बंद केल्यावर पंप पाइपमधला युरिया परत टाकीत ओढून घेतो. दोन-तीन मिनिटं थांबा, मगच बॅटरीचा मेन स्विच पाडा. लगेच पाडलात तर युरिया नळीत वाळतो आणि नोझल चोंदते.

शेताचा युरिया पाण्यात कालवून घातला तर?

अजिबात नको. शेताच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाचं आवरण असतं, शिवाय त्यात आणि आपल्या विहिरीच्या पाण्यातही क्षार असतात. नोझल बुजते, उत्प्रेरकावर थर बसतो आणि एससीआर कायमचा जातो. तो युरिया सरकारी अनुदानाचा आहे, शेतीसाठीच दिलेला आहे, तो गाडीत घालणं कायद्यातही बसत नाही.

युरियाच्या टाकीत चुकून डिझेल पडलं. आता?

चावीसुद्धा लावू नका. डिझेल वर तरंगतं, पण पंपापर्यंत गेलं की रबरी सील फुगतात. टाकी उतरवून धुवा. उलट झालं, म्हणजे डिझेलच्या टाकीत युरिया पडला, तर ते जास्त वाईट. सुरू न करता टो करून आणा, इंजेक्शन पंप वाचला तर लाखांची गोष्ट वाचेल.

नॉक्स सेन्सर बदलला, सहा महिन्यांत परत गेला. सेन्सर डुप्लिकेट होता का?

असू शकेल, पण आधी पाण्याचा विचार करा. या सेन्सरचं सिरॅमिक टोक चालू असताना साधारण ८०० अंशांना तापलेलं असतं. त्यावर पाण्याचा थेंब पडला की ते तडकतं. म्हणून पाइप पुरेसा तापून आतली वाफ निघून जाईपर्यंत ईसीयू सेन्सर गरमच करत नाही. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीचिंब, फेऱ्या छोट्या, पाइप आतून कधी कोरडा होत नाही. त्यात सेन्सर कुणी खालच्या अंगाला फिरवून बसवला असेल तर पाणी त्याच्याच अंगावर साठतं. कारखान्याने दिलेली दिशा बदलू नका.

सेन्सर खोटं बोलतोय की खरं, ते असं तपासा. एक नॉक्स सेन्सर एससीआरच्या पुढे असतो, एक मागे. मागच्या सेन्सरला अमोनियाही नॉक्सच वाटतो. त्यामुळे युरिया जास्त फवारला जात असेल तरी गाडी म्हणते नॉक्स वाढला. गाडी गरम असताना स्कॅनरने फवारणी थांबवा. मागचा आकडा उतरला तर तो अमोनिया होता, म्हणजे फवारणी जास्त होतेय किंवा उत्प्रेरक दमलाय. आकडा चढत जाऊन पुढच्या सेन्सरच्या जवळ आला तर दोन्ही सेन्सर बहुधा चांगले आहेत. एससीआरमध्ये साठलेला अमोनिया संपायला वेळ लागतो, तेव्हा पाच-दहा मिनिटं धीर धरा. फवारणी थांबवूनही दोन आकड्यांत मोठं अंतर राहिलं तर सेन्सरवर संशय घ्या, आणि तेव्हाच.

सेन्सर आणि त्याचा डबा वायरीने जोडूनच येतो. ती वायर मधे कापून सांधू नका.

ईजीआर साफ करून घेतला, पण पाणी कमी होतंय. संबंध आहे?

असू शकतो. ईजीआरचा कूलर आतून गळला तर बाहेर थेंबही दिसत नाही. कूलंट धुरात जातं, पांढरा धूर येतो, वास थोडा गोडसर. पाइप उघडल्यावर काळ्या काजळीऐवजी ओलसर चिखल किंवा पांढरे डाग दिसले तर कूलर काढून दाबाने तपासा. हे कूलंट पुढे डीपीएफमध्ये जाऊन बसतं, म्हणून रेडिएटरमध्ये रोज पाणी ओतत गाडी रेटू नका.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली होती. धुराच्या यंत्रणेचं काय?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर अशा गाड्या आम्ही कित्येक महिने बघत होतो. इंजिन सुरू करायच्या आत सायलेन्सरमधलं पाणी काढणं, युरियाची टाकी रिकामी करून धुणं, दाबाच्या सेन्सरचे पाइप सोडवणं, आणि खालचा प्रत्येक कपलर उघडून गाळ काढून वाळवणं, एवढं तरी हवंच. बाहेरून सुकलेला कपलर आतून ओला असतो. दिवा लगेच लागत नाही, दिवाळीच्या सुमारास लागतो, तेव्हा पिना हिरव्या झालेल्या असतात.

माझी पीयूसी पास झाली. मग गाडी चुकीचा दिवा दाखवतेय का?

डिझेलची पीयूसी फक्त धुराची घनता मोजते. नॉक्स त्यात मोजतच नाहीत. एससीआर पूर्ण बंद असलेली गाडी पीयूसीत आरामात पास होते. नॉक्स डोळ्यांना दिसत नाही, छातीला मात्र कळतो.

डीपीएफ पोकळ करून ईसीयूत बदल करून देतात. करून घेऊ?

मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत असा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझं खरं कारण त्याहून साधं आहे. ती गाडी शाळेच्या फाटकासमोर उभी राहते, आणि तिथे माझ्याच गावची पोरं असतात. शिवाय जी काजळी डीपीएफ भरत होती तिचं कारण, गळका पाइप किंवा इंजेक्टर, तसंच राहतं आणि इंजिन खातं.

ट्रकला कारचा स्कॅनर चालेल का?

बहुधा नाही. मोठ्या गाड्या वेगळी भाषा बोलतात, त्यात एसपीएन आणि एफएमआय असे दोन आकडे येतात. पहिला भाग सांगतो, दुसरा त्याला काय झालंय ते. एसपीएन ३२५१ म्हणजे डीपीएफचा दाब, ३२२६ म्हणजे मागचा नॉक्स सेन्सर, ४३६४ म्हणजे एससीआरची कार्यक्षमता. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे वायर तुटल्यासारखी अवस्था. ३, ४, ५ दिसले की आधी वायर बघा. पार्टची चौकशी नंतर.

मच्छीमार होड्यांच्या इंजिनांना हे सगळं असतं का?

आपल्या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या होड्यांत नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीच्या काळात होडीचं इंजिन उघडाल तेव्हा इंजेक्टर आणि एअर फिल्टर बघा, धुराचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

गणपतीला गावी आलोय, दिवा लागलाय, गॅरेज बंद. मुंबईपर्यंत जाऊ शकतो का?

दिव्याचा रंग बघा. लाल असेल, किंवा ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल, तर नाही. नुसता पिवळा डीपीएफचा दिवा असेल आणि गाडीची ताकद कमी झाली नसेल, तर बऱ्याचदा हायवेच हा दिवा घालवतो. पहाटे निघा, म्हणजे माणगाव आणि कोलाडच्या रांगांत अडकायला नको, आणि मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग, एक गिअर खाली ठेवून चालवा. युरियाचा दिवा असेल तर स्क्रीनवर किती किलोमीटर उरलेत ते वाचा आणि निघण्याआधी किमान ५ ते १० लिटर भरा. थोडासा ओतला तर काही गाड्यांचा सेन्सर त्याची दखलच घेत नाही.

आणि गाडी पडवीत आठ दिवस उभी होती ना? बॉनेट उघडून टॉर्च मारा. उंदरांना त्या वायरींचं आवरण फार आवडतं. कुरतडलेल्या वायरीचं तांबं उघडं दिसलं तर फोटो काढून ठेवा, सुटी वायर कशाला लागणार नाही अशी टेपने गुंडाळा, आणि मुंबईत मेकॅनिकला कोडच्या कागदाबरोबर आधी तो फोटो दाखवा.